आधी प्याला, मग तिकीट

2002 साली चीन सरकारने 64 पुरावस्तूंची एक यादी जाहीर केली. या वस्तू यापुढे कोणत्याही प्रदर्शनासाठी देशाबाहेर पाठवायच्या नाहीत, असा तो आदेश होता. त्या यादीत एक प्याला आहे. लांबी 15.6 सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. अखंड अकीकाचा, शिंगं असलेल्या जनावराच्या मुंडक्याच्या आकाराचा. लंडन-पॅरिसला हा कधीतरी फिरत येईल, एखाद्या वर्षी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही काही दिवस मुक्कामाला असेल, ही आशा त्या दिवशी संपली. ज्याला तो बघायचा आहे त्याने शीआनला जायचं आणि शान्शी इतिहास संग्रहालयाच्या दारात उभं राहायचं.

दारातून आत जाणं मात्र सोपं नाही. संग्रहालयाच्या मुख्य दालनांना 2008 पासून प्रवेशशुल्क नाही, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. पैसे लागत नाहीत म्हणून सगळ्या चीनला तिथे जायचं असतं. तिकीट फुकट आहे, पण ते मिळवायला जी यातायात करावी लागते ती नाटकाच्या शुभारंभाच्या प्रयोगालाही लागत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक चीन-सहलींत शीआनच्या वाट्याला दीड-दोन दिवस येतात. त्यातला मोठा वेळ मातीच्या सैनिकांसाठी जातो आणि हे संग्रहालय 'वेळ उरला तर' या सदरात पडतं. वेळ कधीच उरत नाही, आणि उरला तरी त्या दिवसाचं तिकीट नसतं. म्हणून ही भेट उलट्या क्रमाने आखायला हवी. आधी वस्तू ठरवायच्या, त्यावरून दालन, दालनावरून तिकीट, तिकिटावरून तारीख आणि सगळ्यात शेवटी विमान. आपण सहसा याच्या नेमकं उलट करतो.

फुकट तिकिटाची किंमत

प्रवेश नावानिशी असतो. चिनी माणसाला ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो, परदेशी माणसाला पासपोर्टचा. नोंदणी वीचॅटवरच्या संग्रहालयाच्या अधिकृत खात्यातून होते. तिकिटं भेटीच्या काही दिवस आधी, ठरलेल्या वेळी खुली होतात आणि हंगामात बघता बघता संपतात. दारावर जो पासपोर्ट दाखवाल त्यावरच नोंदणी असावी लागते. नव्या पासपोर्टवर व्हिसा आणि जुन्यावर तिकीट, असा घोळ झाला तर बाहेरूनच परतावं लागेल. किती दिवस आधी आणि किती वाजता, हे नियम बदलत असतात. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात ते पुन्हा बघून घेणं हाच एक बदल न होणारा नियम.

तिकिटांचा काळाबाजार करणाऱ्यांना चीनमध्ये 'पिवळे बैल' म्हणतात. संग्रहालयाच्या आसपास ते भेटतात आणि फुकटच्या तिकिटाचे भरमसाट पैसे मागतात. पर्यटन कंपन्याही मार्गदर्शकासह प्रवेश विकतात. त्यात गैर काही नाही, पण आपण पैसे मार्गदर्शकाचे देतोय की तिकिटाचे, हे आधी विचारून घ्यावं.

मुख्य दालनांशिवाय आत दोन वेगळे दरवाजे आहेत आणि त्यांना पैसे पडतात. एक 'महान तांगांचा ठेवा' हे दालन, तिकीट 30 युआनच्या घरात. दुसरं तळघरातलं तांगकालीन भित्तिचित्रांचं दालन. तिथला दर याच्या कितीतरी पट, अडीचशे युआनच्या वर जाणारा. फुकटचं तिकीट संपलेलं असताना पैशाचं तिकीट कधीकधी शिल्लक असतं. म्हणजे खिशाला थोडी चाट बसते, पण अनेकांना हवं असतं ते नेमकं याच दारांच्या आत आहे. तो अकीकाचा प्यालाही 30 युआनच्या दालनात मांडलेला असतो. फुकटच्या दालनांत तीन तास पाय दुखवून 'प्याला कुठे दिसला नाही' म्हणणारे थोडे नाहीत.

वार सांभाळावा. सोमवारी संग्रहालय बंद असतं. तारखांमध्ये 1 ते 7 ऑक्टोबरचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा, मे महिन्याचे पहिले पाच दिवस, वसंतोत्सव म्हणजे चिनी नववर्ष आणि जुलै-ऑगस्टची शाळांची सुट्टी टाळावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत अभ्याससहलीवर आलेल्या मुलांच्या पलटणी एकेका काचेला गराडा घालून उभ्या असतात. आपली दिवाळीची सुट्टी मात्र यात बरोबर बसते. ती सहसा चिनी सुट्टीचा आठवडा उलटल्यावर येते, आणि शीआनची हवाही तेव्हा थंड, कोरडी असते.

राखाडी कौलांची वास्तू

शान्शीत नवं संग्रहालय हवं, असं पंतप्रधान चाऊ एन लाय यांनी 1973 मध्ये सुचवलं. त्याआधी प्रांताचं संग्रहालय शहराच्या तटाजवळच्या जुन्या कन्फ्यूशियस मंदिरात, शिलालेखांच्या 'शिलावना'शेजारी दाटीवाटीने नांदत होतं. जमिनीतून निघणाऱ्या वस्तूंना ती जागा पुरणं शक्यच नव्हतं. प्रत्यक्ष नवी इमारत उघडायला 20 जून 1991 उजाडला. सुमारे 16 एकरांचा परिसर, आणि आज संग्रहात 17 लाखांहून अधिक वस्तू.

इमारत चांग चिनछिउ या वास्तुविशारद बाईंची. त्या लिआंग सछंग यांच्या विद्यार्थिनी. चिनी प्राचीन वास्तुकलेचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी उभा केला ते हे लिआंग. बाईंनी तांग काळातल्या राजवाड्यांची रचना घेतली. मध्यभागी मोठी वास्तू, चार कोपऱ्यांना लहान मनोरे, रुंद पसरलेली छपरं. रंग मात्र राजवाड्याचे घेतले नाहीत. लाल-पिवळ्याचा भडकपणा टाळून राखाडी कौलं आणि पांढऱ्या भिंती ठेवल्या. आत जाण्याच्या घाईत या इमारतीकडे कुणी मान वर करून बघत नाही. रांगेत उभं राहावं लागणारच असतं, तेवढ्यात ती बघून घ्यावी.

ही जागा कुठे आहे, हेही नकाशावर पाहण्यासारखं. आज शीआनला जो चौकोनी तट दिसतो, 13.7 किलोमीटर घेराचा, तो मिंग काळातला. संग्रहालय त्याच्या बाहेर, दक्षिणेला. पण तांग काळात इथे चांगआन ही राजधानी होती, 84 चौरस किलोमीटरची. सरळ रेषेत आखलेले रस्ते, तटबंदीच्या शंभरावर पेठा, पूर्वेला एक बाजार आणि पश्चिमेला एक. वस्ती दहा लाखांच्या आसपास असावी, असा अंदाज आहे. संग्रहालय या जुन्या राजधानीच्या हद्दीत येतं, आणि त्यातल्या कितीतरी वस्तू याच परिसराच्या पोटातून निघाल्या आहेत.

पाच वस्तू पुरेत

17 लाखांतल्या काही हजारच मांडलेल्या असल्या तरी दिवसभरात त्या बघून होत नाहीत. सगळं बघायला निघालेला माणूस दुसऱ्या दालनातच खुर्ची शोधू लागतो. पाच वस्तू ठरवाव्यात आणि वाटेत दिसेल ते वरकड समजावं.

पहिला अर्थातच तो प्याला. ऑक्टोबर 1970 मध्ये शीआनच्या दक्षिण उपनगरातल्या हचिआत्सुन इथे बांधकामासाठी खोदकाम चाललं होतं. तिथे मातीचा एक मोठा रांजण लागला, जवळच चांदीचं एक भांडं आणि काही दिवसांनी दुसरा रांजण. आत हजाराहून जास्त वस्तू. त्यात सोन्याचांदीची भांडी 270 च्या वर, शिवाय औषधी खनिजं आणि देशोदेशीची नाणी. ससानी राजा खुस्रो दुसरा याचं चांदीचं, बायझंटाइन सम्राट हेराक्लियसचं सोन्याचं आणि जपानमधली चांदीची नाणी एकाच ठेव्यात. कुणीतरी घाईघाईने पुरलं आणि परत काढायला आलं नाही. 755 मध्ये सेनापती आन लुशानने बंड केलं त्या पळापळीत ते पुरलं गेलं असं एक मत, 783 च्या सैनिकी उठावात असं दुसरं.

प्याला उजेडात नीट बघावा. लालसर-तपकिरी दगडात फिकट पट्टे आहेत, आणि कारागिराने ते असे वापरलेत की जनावराच्या गालावरून मानेकडे रंग आपोआप उतरत जातो. अकीक म्हटल्यावर आपल्याला खंबायत आठवतं. त्या दगडाचा चिवटपणा ठाऊक असलेल्याला कानाची पाळी आणि शिंगांचे पीळ बघून नवल वाटेल. तोंडाला सोन्याची टोपी आहे, ती निघते. असे शिंगाच्या घडणीचे प्याले इराण आणि ग्रीसकडचे. हा तिकडून भेट म्हणून आला की चांगआनमध्येच कुणा परदेशी कारागिराने घडवला, यावर अजून वाद आहे.

दुसरी वस्तू त्याच ठेव्यातली, चांदीची सुरई. आकार घोडेस्वार भटक्यांच्या कातडी पखालीचा. दोन्ही अंगांना सोन्याचा मुलामा दिलेला एकेक घोडा, मागचे पाय दुमडून बसलेला, तोंडात प्याला धरलेला. तांग सम्राट श्वानत्सोंगच्या वाढदिवसाला नाचवण्यासाठी असे घोडे शिकवून तयार केलेले असत. नाच संपला की घोडा तोंडात प्याला घेऊन सम्राटापुढे बसायचा. पुढे बंडात ते पांगले. जुन्या नोंदींनुसार काही घोडे एका सरदाराच्या तबेल्यात गेले. एकदा छावणीत वाद्यं वाजू लागली तसे ते नाचू लागले. तबेल्यातल्या माणसांना वाटलं, यांना भुताने झपाटलंय. घोड्यांना मार पडू लागला. नाच चुकला म्हणून मार बसतोय असं समजून ते आणखी जीव तोडून नाचले, आणि मार खाऊन मेले. सुरई 15 सेंटिमीटरचीही नाही, पण ही हकीगत ठाऊक असेल तर तिच्यासमोरून पाय निघत नाही.

तिसरी वस्तू चांदीचा जाळीदार धूपगोल. व्यास 4.6 सेंटिमीटर, लिंबाएवढा. दोन अर्धगोल बिजागरीने जोडलेले, आत एकात एक दोन कड्या आणि मधोमध सोन्याची इवलीशी वाटी. कड्या एकमेकींना काटकोनात फिरतात. गोल कसाही गडगडला, कमरेला लटकवला, पांघरुणात ठेवला, तरी वाटी आडवीच राहते आणि निखारा सांडत नाही. जहाजावरचं होकायंत्र लाटांवर स्थिर ठेवायला पुढे हेच तत्त्व वापरलं गेलं. प्रतिकृती फिरवून दाखवणारी सोय असेल तर ती चुकवू नये.

चौथा, किन राज्याचा कांस्याचा वाघ. लांबी 9.5 सेंटिमीटर आणि अंगावर सोन्याने जडवलेली 40 अक्षरं. खरं तर हा अर्धाच वाघ आहे. उजवा भाग राजाकडे, डावा तू नावाच्या तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे. 50 पेक्षा जास्त सैनिक हलवायचे तर दोन्ही भाग जुळले पाहिजेत, मात्र धोक्याचा जाळ पेटला असेल तर थांबू नका, असा हुकूम त्यावर कोरलाय. 1970 च्या दशकात जमीन सारखी करताना तो एका शेतकऱ्याला सापडला आणि घरातल्या पोरांनी खेळायला घेतला. खेळून खेळून गंज निघाला, सोनं चमकलं, तेव्हा हे काहीतरी वेगळं आहे हे कळलं.

पाचवी वस्तू तांगकाळचा तिरंगी लुकणाचा मातीचा उंट. पाठीवर गालिचा अंथरलेला चौथरा, त्यावर वाद्यं घेऊन सात वादक आणि मधोमध उभी एक गायिका. 1959 मध्ये शीआनजवळच्या एका थडग्यातून निघालेला. उंट मध्य आशियातला, वाद्यंही बरीचशी तिकडची, माणसं मात्र चिनी पेहरावात. बाहेरून आलेलं चांगआनने कसं पचवलं, हे सांगायला याहून चांगला साक्षीदार नाही.

वस्तू ठरल्यावर ती नेमकी कुठल्या इमारतीत आहे, हे विचारून घ्या. मे 2024 मध्ये या संग्रहालयाची किन-हान काळाला वाहिलेली शाखा शहराच्या दुसऱ्या टोकाला, शीशिआन नवनगरात उघडली. त्या काळातल्या वस्तू आता दोन ठिकाणी विभागल्या आहेत. मनात वाघ असेल तर ही चौकशी आधी.

तळघरातली चित्रं

भित्तिचित्रांच्या दालनाचं तिकीट ऐकून आपण दचकतो. पण ती अस्सल चित्रं आहेत, राजघराण्यातल्या थडग्यांच्या भिंतींवरून गिलाव्यासकट उतरवून आणलेली. तापमान आणि आर्द्रता सांभाळायची तर गर्दी परवडत नाही. 2011 मध्ये इटलीच्या मदतीने हे दालन उभं राहिलं. चांगह्वाय युवराज ली श्यान याच्या थडग्यातलं चौगानाचं, म्हणजे पोलोचं, चित्र इथे आहे. वीसहून जास्त घोडेस्वार, एकाने अंग पूर्ण मागे वळवून मारलेला फटका, बाकीच्यांची धाव. याच थडग्यातल्या दुसऱ्या चित्रात दरबाराबाहेर ताटकळत उभे असलेले परदेशी पाहुणे आहेत. एकाच्या टोपीत पिसं, एकाला टक्कल, खोल डोळे आणि मोठं नाक. ते कुठून आले, यावर अभ्यासक अजून भांडतात.

हा ली श्यान सम्राज्ञी वू त्झतियनचा मुलगा. 684 मध्ये त्याला आत्महत्या करायला भाग पाडलं गेलं. आई गेल्यावर, 706 मध्ये, त्याला राजघराण्याच्या स्मशानभूमीत मानाने पुन्हा पुरण्यात आलं. चित्रं त्यानंतरची. भिंतीवरचा सगळा खेळ आणि थाट अशा मेलेल्या मुलासाठी काढलेला आहे, हे लक्षात ठेवून बघावं.

महाराष्ट्रात आलेला भिक्षू

संग्रहालयातून निघून पायी गेलं तर पंधरा-वीस मिनिटांत महाहंस स्तूप येतो. विटांचा, सात मजली, सुमारे 64 मीटर उंच. 652 मध्ये तो बांधला गेला तो ह्युएन त्संगने भारतातून आणलेल्या पोथ्या आणि मूर्ती ठेवण्यासाठी. शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला युआन श्वांग म्हणून ओळखतो तोच हा. 645 मध्ये तो चांगआनला परतला तेव्हा बरोबर 657 ग्रंथ होते. पुढच्याच वर्षी त्याचं प्रवासवर्णन तयार झालं.

त्या वर्णनात महाराष्ट्र आहे. साधारण 641 च्या सुमारास तो इकडे आला तेव्हा राजा होता चालुक्य पुलकेशी दुसरा. इथली माणसं उंच, साधी आणि मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी सांगून घेतात, असं तो नोंदवतो. लढाईपूर्वी हत्तींना दारू पाजतात आणि हरलेल्या सेनापतीला शिक्षा न देता बायकांचे कपडे देतात, हेही त्याने लिहिलंय. चहूकडे जिंकत गेलेल्या हर्षाला हे लोक नमले नाहीत, ही त्याची नोंद ऐहोळेच्या 634 च्या शिलालेखाशी जुळते. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या लेण्यांचं वर्णन अजिंठ्याचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तो स्वतः तिथे पोचला होता की ऐकीव लिहिलं, याबद्दल दुमत आहे. दाराशी दगडी हत्ती असल्याचं तो सांगतो, आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी ते हत्ती आजही उभे आहेत.

म्हणून मराठी माणसाने स्तूप आणि संग्रहालय एकाच दिवशी बघावं. सकाळी संग्रहालय, दुपार कलल्यावर स्तूप. आपल्याबद्दल बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या सर्वांत जुन्या सविस्तर मजकुरांपैकी एक तयार झाला तो याच शहरात.

उरलेली जुळवाजुळव

आता विमान. 2020 पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस कोलकाता-क्वांगचौ मार्गाने पुन्हा सुरू झाली. चीनने अनेक देशांना दिलेली 240 तासांची बिनव्हिसा सवलत भारतीय पासपोर्टला मिळत नाही, तेव्हा व्हिसा काढूनच निघायचं. वीचॅट आणि अलीपे इथूनच घेऊन, नोंदणी करून, आपलं कार्ड जोडून ठेवावं. तिथे पोचल्यावर हे करायला बसाल तर पहिला दिवस त्यातच जाईल. संग्रहालयाला मेट्रोचं जवळचं स्थानक श्याओचाय, मार्ग 2 आणि 3. नकाशात शोधताना शेजारच्या शांशी प्रांताशी गल्लत होऊ देऊ नका, त्याचं संग्रहालय थाययुआन शहरात आहे.

मातीचे सैनिक वेगळे, शहरापासून पूर्वेला चाळीसएक किलोमीटरवर लिंतोंगला. त्यांना स्वतंत्र दिवस द्या. सगळं करूनही तिकीट हुकलंच तर हातपाय गाळू नका. लघुहंस स्तूपाच्या आवारातलं शीआन संग्रहालय सुंदर आहे आणि तो स्तूप भारतातून परतलेल्या इत्सिंग या भिक्षूशी जोडलेला आहे. शिलावनात 781 चा ख्रिस्ती पंथाचा चिनी-सीरियाक शिलालेख उभा आहे. 2022 मध्ये उघडलेल्या शान्शी पुरातत्त्व संग्रहालयात उत्खननातून वस्तू कशी बाहेर येते, ते दाखवलंय. शाकाहारी मंडळींना लिआंगपी म्हणजे तिखट-आंबट गार शेवया रस्त्यावरही मिळतात. मांस नको, हे मात्र आधीच सांगावं लागतं.

या सगळ्या तयारीत एक टप्पा महाराष्ट्रातलाच आहे, आणि तो बहुतेक जण गाळतात. शीआनला जाण्याआधी अजिंठ्याला जाऊन या, पूर्वी गेला असाल तरी. तिथली रंगवलेली माणसं डोळ्यांत ताजी असताना तांगांची भित्तिचित्रं बघितली, तर तळघरातल्या त्या महागड्या तिकिटाचे पैसे वसूल होतील. फक्त सोमवारी निघू नका. सुट्टीचा वार दोन्हीकडे तोच आहे.